नागपूरची मध्यरात्र आणि चार डकोटा

१/ समाजमाध्यमांवर दर काही दिवसांनी एक कृष्णधवल छायाचित्र फिरत असते. शेपटीकडे कललेले चंदेरी विमान, दाराशी लावलेली छोटीशी शिडी, सुटाबुटातले चार गृहस्थ, पदर सावरत उतरणारी एखादी स्त्री आणि मागे मोकळे माळरान. विमान बहुधा डकोटा असते. खाली कोणीतरी लिहिलेले असते की प्रवासाचा खरा सुवर्णकाळ तोच. त्या ओळीला हजारो लोक दाद देतात. त्यांपैकी बहुतेकांनी डकोटाचा आवाजही ऐकलेला नसतो.

२/ स्मरणरंजन हा अपराध नव्हे. जुन्या वस्तूंविषयीच्या मायेतूनच अनेकांना इतिहासाची वाट सापडते. परंतु कोणतीही आठवण समोर आली की ती कोणाची आहे, हे आधी विचारावे लागते. भारतातील जुन्या विमानप्रवासाची जी आठवण आज मिरवली जाते, ती खिडकीजवळच्या आसनावर बसलेल्या मोजक्या माणसांची आहे. त्या काळातील सर्वांत लोकाभिमुख विमानसेवा या छायाचित्रांत दिसत नाही, कारण ती मध्यरात्री चालत असे आणि तिचा मुख्य प्रवासी होता टपालाची थैली. तिचे केंद्र होते नागपूर.

३/ भारतात विमान आणि टपाल यांचे नाते विमान आणि प्रवासी यांच्या नात्याहून जुने आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादमधील औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. जगातील पहिली अधिकृत हवाई टपालसेवा म्हणून या उड्डाणाची नोंद होते. त्या विमानात दुसऱ्या माणसाला धड बसायलाही जागा नव्हती. पत्रांना मात्र होती.

४/ पुढचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ अनेकदा निसटतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पुस मॉथ हे एक इंजिनाचे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूच्या धावपट्टीवर उतरवले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढील टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादला या विमानाचे इंधन बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून भरले गेले. हे चित्र आज मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. त्या विमानात एकही तिकीटधारक प्रवासी नव्हता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

५/ १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैलांचा पल्ला गाठला. त्या वर्षभरात त्यांनी नेलेले प्रवासी होते अवघे १५५ आणि टपाल होते जवळपास १० टन. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा संसार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. सरकारकडून वेगळे अनुदान नव्हते. नेलेल्या टपालाच्या वजनानुसार मिळणारा मोबदला हाच कंपनीचा आधार होता. भारतीय विमानवाहतुकीचा पाया तिकिटाच्या पैशावर घातला गेलेला नाही, तो पोस्टाच्या तिकिटावर घातला गेला आहे.

६/ मग डकोटा आले. अमेरिकेच्या डग्लस कंपनीच्या डीसी-३ या विमानाचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या हजारोंच्या संख्येने तयार झाल्या. नागरी आणि लष्करी मिळून दहा हजारांहून अधिक विमाने अमेरिकेतच बांधली गेली. ‘डकोटा’ हे नाव ब्रिटिश हवाई दलाने दिलेले. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची कित्येक डकोटा भारतात उभी होती. ती स्वस्तात विक्रीला निघाली, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांतील अनेकांचे नागरी विमानांत रूपांतर झाले आणि देशात विमानकंपन्यांचे पीक आले.

७/ हे विमान ज्यांनी अनुभवले त्यांच्या आठवणी बऱ्याचशा शारीरिक असतात. मागच्या बाजूला छोटे चाक असल्यामुळे विमान जमिनीवर उभे असताना त्याचे नाक वर असे. आत शिरल्यावर आसनापर्यंत चढण चढावी लागे. आतील हवेचा दाब कायम राखण्याची सोय नव्हती, म्हणून विमान ढगांच्या उंचीवरूनच, त्यांचे धक्के खात जाई. कानांसाठी कापसाचे बोळे आणि चघळायला गोळ्या मिळत. चौदा सिलिंडरांची दोन इंजिने धुराचा लोट सोडत सुरू होत आणि मग संपूर्ण प्रवासभर बोलणे अशक्य करीत. पावसात वैमानिकाच्या मांडीवर पाणी गळे. या सगळ्याला आज ‘मजा’ म्हणणे सोपे आहे.

८/ डकोटाने भारतात खरी प्रतिष्ठा मिळवली ती संकटाच्या काळात. फाळणीच्या महिन्यांत निर्वासितांच्या खेपा याच विमानांनी केल्या. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे सैनिक दिल्लीहून श्रीनगरला उतरले तेही डकोटातूनच, आणि त्या मोहिमेत हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांची विमानेही जुंपली गेली. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा उतरवले. ऑक्सिजनची आणि दाबनियंत्रणाची सोय नसलेल्या विमानाने हिमालयाच्या रांगा ओलांडल्या होत्या.

९/ याच सुमारास दिल्लीत एक वेगळाच विचार आकार घेत होता. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. विमानकंपन्या भरमसाट झाल्या होत्या, विमाने पुष्कळ आणि प्रवासी थोडे अशी स्थिती होती. दुसरीकडे चार महानगरांमधील साधे पत्र रेल्वेने दीड-दोन दिवस प्रवास करीत होते. दिवसा रिकामी जाणारी आणि रात्री नुसती उभी राहणारी ही विमाने टपालासाठी रात्री का उडवू नयेत? या प्रश्नातून रात्रटपाल योजना जन्मली. जानेवारी १९४९च्या अखेरीस तिची पहिली उड्डाणे झाली.

१०/ योजनेचे मर्म भूमितीत होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे परस्परांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. जाऊन-येऊन रोज बारा उड्डाणे. त्याऐवजी चारही विमाने मध्यावरच्या एका ठिकाणी आणली, थैल्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा चार दिशांना पाठवली, तर आठ उड्डाणांत काम भागते. तो मध्य म्हणजे नागपूर. मुंबई–कलकत्ता आणि दिल्ली–मद्रास हे लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्याच शहराच्या सोनेगाव विमानतळावर आता आकाशातलाही चौक उभा राहिला.

११/ अंतरेही सोयीची होती. नागपूरपासून हवाई मार्गाने मुंबई सुमारे ६९० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९७०. ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या डकोटाला मुंबईहून अडीच तास आणि कलकत्त्याहून साडेतीन तासांपेक्षा थोडे अधिक लागत. म्हणजे दिवसभराचे टपाल गोळा करून रात्री निघावे, मध्यरात्रीच्या आसपास नागपूर गाठावे आणि उजाडायच्या आत ठरलेले महानगर गाठावे. संध्याकाळी गिरगावात पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत, कलकत्त्यात किंवा मद्रासेत वाटपाला जाऊ शकत होते.

१२/ त्या मध्यरात्रीची कल्पना करावी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. शहर झोपलेले असताना चार दिशांनी चार विमानांचे दिवे खाली येत. विमाने शेजारी शेजारी उभी राहत. मुंबईच्या विमानातून दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासच्या थैल्या उतरत. तितक्याच थैल्या इतर तिघांतून त्यात चढत. थैल्यांबरोबर थोडे प्रवासीही असत. ते पाय मोकळे करीत, काही खात-पीत आणि आपल्या पुढच्या विमानात जाऊन बसत. पण वेळापत्रक त्यांच्यासाठी आखलेले नव्हते. एखादे विमान उशिरा आले, तर बाकीची तिन्ही खोळंबत. कारण त्याच्या थैल्यांवाचून अदलाबदल अपुरी राही.

१३/ योजनेचा खरा क्रांतिकारक भाग मात्र विमानतळाबाहेर होता. एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत साध्या पत्रांना हवाई वाहतुकीसाठी वेगळा आकार भरावा लागेनासा झाला. जेथे विमानाने पत्र लवकर पोहोचणार असेल, तेथे ते विमानानेच जाईल, असे धोरण ठरले. हवाई टपालाची निळी चिठ्ठी चिकटवणे, जादा तिकीट लावणे ही श्रीमंतांची आणि व्यापाऱ्यांची चैन होती. आता गिरणगावातल्या खोलीतून लिहिलेले आणि पेढीच्या मालकाने लिहिलेले पत्र एकाच थैलीत, एकाच डकोटात, एकाच वेगाने जाणार होते.

१४/ ज्यांना आयुष्यात विमानाचे तिकीट कधीच परवडणार नव्हते, अशा लक्षावधी माणसांचे शब्द विमानातून प्रवास करू लागले. नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, बाळंतपणाची बातमी, आजारपणाचा निरोप हे सारे एक-दोन दिवस अलीकडे आले. ही माणसे त्या कृष्णधवल छायाचित्रांत नाहीत. विमानयुग आपल्या दारापर्यंत आले आहे, हे त्यांतील अनेकांना कदाचित जाणवलेही नसेल. पत्र हल्ली लवकर येते, इतकेच त्यांनी म्हटले असेल. सार्वजनिक सेवा नीट चालू असली की तिची अशीच आठवण राहत नाही.

१५/ योजनेचे कौतुक करताना तिच्या विरोधकांनाही न्याय दिला पाहिजे. सर्वांत ठळक विरोध होता खुद्द जे. आर. डी. टाटा यांचा. भारतातील विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांसाठी पुरेशी साधने नाहीत आणि या सेवेचे आर्थिक गणित बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मंत्री आणि उद्योगपती यांच्यातील हा वाद जाहीरपणे झडला. टाटांच्या कंपनीने हे काम घेतले नाही. तुलनेने लहान कंपन्या पुढे आल्या, पहिली सेवा काही महिन्यांतच अडखळली आणि त्याच वर्षी हिमालयन एव्हिएशनकडे काम सोपवून ती पुन्हा उभी करावी लागली.

१६/ १९५० साली सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली हवाई वाहतूक चौकशी समिती नेमली. देशातील वाहतुकीच्या मानाने कंपन्यांना फार परवाने दिले गेले आहेत, हे समितीने स्पष्टपणे मांडले. आज ज्या कंपन्यांच्या वेळापत्रकांची आणि जाहिरातींची रंगीत चित्रे संग्राहक हौसेने जमवतात, त्यांतील बहुतेक त्या वेळी तोट्यात बुडत होत्या. सुवर्णकाळाच्या हिशेबवह्या लाल शाईने लिहिलेल्या होत्या.

१७/ टाटांनी वर्तवलेला धोका काल्पनिक नव्हता. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रटपालाचे डकोटा उड्डाणानंतर लगेचच कोसळले. विमानातील १४ जणांपैकी १३ मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा वैमानिक. जुन्या विमानांविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्या मजकुरांत ही रात्र सहसा येत नाही. डकोटा भरवशाचे विमान होतेच; पण त्याच्या भोवतीची व्यवस्था किती तोकडी होती, याची किंमत माणसांनी मोजली. ती लपवली तर उरते ती केवळ शोभेची आठवण.

१८/ या अपघातापूर्वी काही महिने, १ ऑगस्ट १९५३ रोजी, आठ खासगी कंपन्यांचे विलीनीकरण करून इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली होती. तिच्या वाट्याला ९९ विमाने आली. त्यांतील ७४ डकोटा होती. याच आठ कंपन्यांत हैदराबादची डेक्कन एअरवेज होती, जिने इतर कंपन्यांनी नाकारलेल्या प्रेम माथुर या तरुणीला वैमानिक म्हणून घेतले होते. छायाचित्रांतली स्त्री बहुधा शिडीवर किंवा हातात तबक घेऊन उभी दिसते. कॉकपिटमधली स्त्री शोधायची तर संग्रह थोडा खोलवर उपसावा लागतो.

१९/ रात्रटपाल सेवा राष्ट्रीयीकरणानंतरही चालू राहिली. डकोटांची जागा हळूहळू मोठ्या विमानांनी घेतली. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅरॅव्हेल जेट आले, पुढे बोइंग ७३७ आले. महानगरांमधील अंतर दोन तासांवर आल्यावर रात्री मध्यावर भेटण्याची गरज उरली नाही आणि सत्तरच्या दशकात नागपूरची ही मध्यरात्र संपली. निरोपाचा समारंभ ठेवावा, अशी ती सेवा लोकांच्या नजरेत कधी आलीच नव्हती.

२०/ येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे फेडरल एक्सप्रेस या कंपनीने १४ छोट्या विमानांनिशी रात्रीची पार्सलसेवा सुरू केली. सगळी विमाने रात्री एका ठिकाणी आणायची, पार्सलांची अदलाबदल करायची आणि पहाटेपूर्वी परत पाठवायची, ही तिची पद्धत व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवली जाते. तत्त्व तेच होते, जे नागपूरने २४ वर्षे आधी रोज रात्री राबवून दाखवले होते. कोणी कोणाची नक्कल केली, असा दावा येथे नाही. खंत इतकीच की मेम्फिसची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते आणि सोनेगावची ठाऊक नसते.

२१/ महानगरांबाहेरच्या विमानसेवेची कथा याच धाग्याने तपासता येते. साठच्या दशकात फोकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बांधलेली अ‍ॅव्हरो ही दोन पंख्यांची विमाने मध्यम शहरांना जोडू लागली. २६ जानेवारी १९८१ रोजी वायुदूत सुरू झाली, मुख्यतः ईशान्य भारतासाठी. पुढे जर्मन रचनेची डॉर्नियर २२८ ही छोटी विमाने घेऊन तिने देशभर पाय पसरले. गावाच्या माळावर वायुदूत उतरल्याच्या आठवणी आज पन्नाशी-साठी ओलांडलेली पिढी फार मायेने सांगते, आणि त्यांत खोटे काही नाही.

२२/ पण वायुदूतचा सगळा भार आसनांवर होता. छोट्या विमानाची मोजकी आसने, तीही पूर्ण न भरणारी, आणि मार्ग ठरवताना मागणीपेक्षा राजकीय आग्रहाला मिळालेले वजन, यांमुळे तोटा साचत गेला. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला जाणारे वायुदूतचे डॉर्नियर इंदापूरजवळ उजनी जलाशयात कोसळले आणि त्यातील ११ही जण दगावले. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. कोल्हापूरसारख्या, १९३९ पासून धावपट्टी असलेल्या शहरातही त्यानंतर विमानसेवा कधी चालू, कधी बंद अशीच राहिली.

२३/ २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. एप्रिल २०१७ मध्ये तिची पहिली उड्डाणे झाली. त्यांत नांदेड–हैदराबाद मार्ग होता. ठरावीक आसने सवलतीच्या भाड्यात आणि कंपनीला तीन वर्षे अर्थसाहाय्य, अशी तिची रचना. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत आणि तीन वर्षांची मुदत संपल्यानंतरही चालू राहिलेले मार्ग होते केवळ ५४. म्हणजे शंभरातले सात.

२४/ १९३३, १९४९, १९८१ आणि २०१७ ही चार वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिल्या दोन प्रयोगांत विमानाच्या पोटात रोज ठरलेला, सार्वजनिक गरजेचा भार होता. प्रवासी त्यावर वरकड. नंतरच्या दोन प्रयोगांत प्रवासी हाच एकमेव आधार होता. आजच्या काळात पत्रांच्या थैल्या परत येणार नाहीत, हे उघड आहे. पण रक्त आणि औषधे, तपासणीचे नमुने, नाशवंत शेतमाल, टपाल खात्याची पार्सले असा नित्याचा भार छोट्या विमानतळांना हक्काने मिळाला, तर ते मार्ग चौथे वर्ष पाहू शकतील. जुन्या काळाकडून घ्यायचा धडा हा आहे. शिडीवरच्या पोशाखांत तो सापडत नाही.

२५/ स्मरणरंजनाला त्याचे श्रेयही द्यायला हवे. २०१८ मध्ये एक जुने डकोटा इंग्लंडहून उडत जामनगरला आले आणि भारतीय हवाई दलात दाखल झाले. भंगारात निघालेले ते विमान तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन, दुरुस्त करून भेट दिले होते. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. विमानाला ‘परशुराम’ हे नाव मिळाले आणि व्हीपी ९०५ हा क्रमांकही, जो श्रीनगरच्या त्या पहिल्या उड्डाणातील डकोटाचा होता. मुलाच्या मायेमुळे एक वारसा वाचला. मात्र एके काळी ७४ डकोटा एका कंपनीत बाळगणाऱ्या देशाला उडते डकोटा परदेशातील भंगारातून आणावे लागावे, हेही तितकेच बोलके आहे.

२६/ लष्करी शौर्याला वारस भेटतात, संचलने भेटतात. टपालाच्या थैल्यांना ते भाग्य नाही. सोनेगावला थैल्या उतरवणारे हमाल, कंदिलाच्या उजेडात यादी तपासणारे टपाल कर्मचारी, इंजिनावरचे तेल पुसणारे मेकॅनिक, हवामानाचा अंदाज हाताने लिहून देणारे कारकून यांच्या मुलाखती आज घेतल्या नाहीत, तर उद्या घेता येणार नाहीत. १९६० साली जे विशीत होते, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि स्थानिक अभ्यासमंडळांनी हे काम हाती घ्यावे. त्याला मोठा निधी लागत नाही. एक ध्वनिमुद्रक, थोडी चिकाटी आणि चहाच्या दोन कपांएवढा निवांतपणा पुरतो.

२७/ आणखी एक अस्सल साधन तर कित्येक घरांत पडून आहे. आजी-आजोबांच्या ट्रंकेत पन्नास-साठच्या दशकांतली पत्रे असतील, तर लिफाफे फेकू नयेत. तिकिटावरचा शिक्का पत्र कोठून आणि कोणत्या दिवशी निघाले ते सांगतो. मागील बाजूस बहुधा वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचा शिक्का असतो. तो पत्र कधी पोहोचले ते सांगतो. एक तारीख मुंबईची असेल, दुसरी कलकत्त्याची, आणि त्यांत एकाच दिवसाचे अंतर असेल, तर ते पत्र नागपूरच्या मध्यरात्रीतून गेले असण्याची दाट शक्यता आहे.

२८/ अशा दोन शिक्क्यांची छायाचित्रे गावोगावच्या तरुणांनी एकत्र केली, तर कोणत्या शहरांना या सेवेचा किती लाभ झाला, पावसाळ्यात ती किती वेळा कोलमडली, महानगरांपलीकडच्या गावांपर्यंत तिचा वेग पोहोचला की नाही, याचा नकाशा तयार होईल. कृष्णधवल छायाचित्राला दाद देणारे हजारो हात या कामाला लागले, तर स्मरणरंजनातून इतिहास घडेल. सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करावी. लिफाफा उलटून पाहावा आणि मागची तारीख वाचावी.